मुकादमांचा शेवटचा किलो

३ फेब्रुवारी १९८९, शुक्रवार. सकाळी गारठा, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही. मोंढ्यात तुरीची आवक बरी.

रोजनिशीत एवढंच लिहून उठायचं, असा माझा नेम. पण परभणीच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वजनकाट्याशेजारी बसून चिठ्ठ्या फाडणाऱ्याला तो पाळता येत नाही. माणसं येतात, काहीतरी बोलून जातात आणि हवेच्या ओळीखाली त्यांचं बोलणं साचत जातं. श्रावणापासून जे साचलं, ते बहुतेक एकट्या माणिकरावांचं. माणिकराव म्हणजे आमच्या हमालांचे मुकादम. तरुणपणी पोती उचलली. मुकादमकी मिळाल्यावर उचलणं सुटलं, जेवण मात्र हमालाचंच राहिलं.

*

श्रावणात त्यांच्या जांघेत हर्नियाची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावंच लागेल. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. पण या वजनाला भूल द्यायला आमचे भूलतज्ज्ञ तयार नाहीत. नव्वद किलोवर या. आणि तोवर ओझं बिलकुल उचलायचं नाही."

दवाखान्यातून निघालेले मुकादम थेट आमच्या काट्यावर येऊन उभे राहिले. शेषराव मापाड्यानं नेहमीच्या सुरात आकडा पुकारला, "एक क्विंटल, वर धा किलो!"

सगळा मोंढा हसला. मुकादम काट्यावरूनच मला म्हणाले, "लिवा बापू. पन माल कुनाच्या नावावर लिवता?"

*

सुरुवातीला वजन असं उतरलं की बघत राहावं! चार भाकरींच्या दोन झाल्या, गोड चहा बंद झाला, पहाटे स्टेशनपर्यंत चालणं सुरू झालं. दर सोमवारी काटा खालीच. दसऱ्याला धोतर कमरेवर ठरेना.

एक हमाल म्हणाला, "मुकादम, जरा दमानं! दिवाळीला तुमाला शोधायची पाळी यायची."

"शोध की! हजेरी मीच मांडतो. मी सापडलो न्हाई तर तुजीच रोजी बुडंल!"

*

दिवाळीनंतर काटा अडला. दोनाची एक भाकर केली, तरी एका आठवड्यात पाव किलो उतरे, दुसऱ्या आठवड्यात तेही नाही. घरी त्यांच्या बायकोला, गयाबाईंना, संशय आला. एके दुपारी त्या डोक्यावरचा पदर सावरत मोंढ्यात आल्या आणि चहाच्या हॉटेलासमोर उभ्या राहिल्या.

"माझ्या मालकाला इथं कोन खाऊ घालायलंय?"

हॉटेलवाल्यानं गळ्याची शपथ घेतली. हमालांनी घेतली. शेषरावनं तर काट्यावर हात ठेवला. गयाबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"कोनीच न्हाई? मग उपाशी मानूस वजन आनतो कुठून?"

मुकादम जमिनीकडे बघत होते. त्या गेल्यावर कोणी हसलं नाही.

*

मी मुकादमांबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नीट समजावलं. "तुम्ही आधी मोठं शरीर घेऊन हिंडत होता. ते वागवायलाच रोजचं पुष्कळ अन्न जळायचं. आता शरीर हलकं झालं, म्हणून जळणंही कमी झालं. शिवाय खाणं तुटलं की शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मग ते हात आखडतं. शेवटचे दोन-चार किलो म्हणून तर चिवट असतात."

मुकादम बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले. ते म्हणाले, "म्हंजे माझ्या पोटाला ते साल अजून याद हाय!"

*

एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. पूर्वी गाडी आली की मुकादम स्वतः चालत गाडीपाशी जायचे. आता ते पोत्यांच्या थप्पीवर बसून हाका मारत. मी तसं बोललो.

"बापू," ते म्हणाले, "एका भाकरीत आवाज निगतो. पाय न्हाई निगत."

*

संक्रांत झाली. मुकादमांनी तिळाचा लाडू हातात घेतला, वास घेतला आणि शेजारच्याला दिला. पुढच्या सोमवारी शेषरावनं पुकारलं, "नव्वद!" हमालांनी टोप्या उडवल्या. मुकादम त्याच पावली दवाखान्यात गेले आणि तासाभरात परत आले. तिथल्या काट्यावर एक्याण्णव भरलं होतं. भूलतज्ज्ञांनी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं.

आमचा काटा तपासला. बिनचूक. मग मी शेषरावकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. पोत्यासकट माल मोजला की बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, एक किलो वजा करून आकडा पुकारायचा, ही त्याची जन्माची सवय. मुकादमांनाही तो पहिल्या दिवसापासून तसंच मोजत आला होता!

"कापल्याबिगर आकडाच तोंडातून निगत न्हाई हो, बापू," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

मुकादमांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "खामखा रडू नको. धोतर नेसूनच चढत होतो की मी!"

*

दुसऱ्या दिवशी मुकादम मोंढ्याला फेऱ्या मारताना दिसले. पाठीवर गोणी बांधलेली, गोणीत ज्वारी.

"मुकादम, हे काय?"

"ईस किलो हाय, बापू. जेवढं उतरलं तेवढंच. डॉक्टरच म्हनले न्हाई का, शरीर हलकं झालं म्हनून जळायचं कमी झालं? घेतलं परत!"

"ओझं उचलायचं नाही, असंही ते म्हणाले होते."

"ते दुसऱ्याचं. हे माझंच हाय."

मी गोणी सोडायला लावली. बुधवारपासून ते गोदामाच्या मागे चालू लागले. २० जानेवारीच्या शुक्रवारी दुपारी तिथंच पोट धरून खाली बसले. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. आतडं अडकलं होतं. भुलीच्या औषधासाठी वजन केलं, एकोणनव्वद किलो भरलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. रविवारी पहाटे मुकादम वारले.