प्रवरेच्या काठची माती

दायमाबाद प्रवरेच्या काठी आहे. सिंधूच्या खोऱ्यातली नगरं विस्कटली, तेव्हा त्या संस्कृतीची एक शाखा इतक्या दक्षिणेला येऊन वसली आणि पुढे तीही मोडली. का, याबद्दल मतभेद आहेत. शेजारच्या गावात आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मत ठरलेलं होतं: पूर. नदीच्या दरडीत त्यांना गाळाचा एक जाड थर सापडला होता. त्याचं वय त्यांना आपल्या हयातीत हवं होतं, आणि त्यांची मूत्रपिंडं साथ सोडत होती.

मी तेव्हा ख्राइस्टचर्चला संशोधन करत होते. तिथला २०११ चा मोठा भूकंप अजून काही वर्षं दूर होता. आमच्या प्रयोगशाळेत गाळाचंच वय मोजत. वाळूचा कण गाडला गेला की अंधारात त्याच्यात ऊर्जा साठत जाते; जितकी ऊर्जा, तितकं वय. उजेड लागला की ती निघून जाते. म्हणून आम्ही मंद लाल दिव्यात काम करायचो. अप्पांना मी सविस्तर सूचना पाठवल्या: खोली किती, थर कोणता, पिशवीवर काय लिहायचं. उजेडाचं लिहायचं राहिलं. रोज त्या अंधारात वावरून ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

माती आणायच्या परवान्यासह पुडकं आलं. माती कोरडी, चाळलेली, मऊ. मी फोनकार्ड खरवडून घरी फोन लावला.

"तुझ्या आईनं दोन दिवस गच्चीवर वाळवली," अप्पा म्हणाले. "पापडांची जागा दिली मातीला!"

"ओली कशी पाठवायची?" मागून आई. "परदेशात जायची होती ती."

मी अहवालाच्या सुरात सांगितलं: ऊन लागलं, नमुना निकामी, वय शून्य येणार.

"म्हणजे दायमाबाद परवाच बुडालं म्हण," अप्पा हसले. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा खणतो."

पाणी उतरायच्या आधी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर आईनं विचारलं, "मी वाळवली नसती, तर कळलं असतं ना गं त्यांना?"

"नाही. भरदिवसा खणली तेव्हाच ती बिघडली होती. सूचना माझी चुकली, आई."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेस."

मी कागदावर आकृती काढून पुन्हा समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पटलं नाही.