बंद पडलेल्या कंपन्या

आमचे हे छत्तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासायचे. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा चुका काढत वाचणार, औषध मागाहून! निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरेना, तेव्हा शेअर बाजाराला धरलं. कंपनीच्या कमाईच्या मानाने शेअर स्वस्त मिळत असेल तर घ्यावा आणि धरून ठेवावा, बाजारापेक्षा जास्त मिळतं, असं कुठेतरी वाचलं होतं. "छापलं म्हणून खरं होत नाही," म्हणाले आणि पडताळायला बसले.

वाचनालयात जाऊन पंधरा वर्षांच्या वर्तमानपत्रांतले भाव वहीत उतरवले. दरवर्षी सगळ्यांत स्वस्त वीस शेअर घेतले असते तर काय झालं असतं? सात महिने हेच. जेवायला हाका मारून माझा घसा बसला. शेवटी उत्तर आलं, बाजाराच्या दुप्पट.

माणूस तसा अबोल, पण हे काही पोटात राहिलं नाही. वन्संना, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीला, सांगून मोकळे! यजमान गेल्यावर मिळालेली रक्कम हाच वन्संचा आधार. "तू तपासलंयस ना? मग झालं," म्हणाल्या आणि महिन्याभरात सगळी रक्कम यांच्या यादीतल्या शेअरांत घातली.

त्यानंतर एका दुपारी हे वहीतले आकडे पुन्हा ताडून पाहत होते आणि मी वर्तमानपत्राच्या जुन्या पानाच्या प्रतीवरून नावं वाचत होते. एक साबणाची कंपनी आली.

"ही तुमच्या वहीत दिसत नाही हो."

"ती बंद पडली."

"आणि ही सूतगिरणी?"

"तीही बुडाली. मी आज चालू आहेत त्याच कंपन्या घेतल्या."

"अहो, पण तेव्हा कुठे ठाऊक होतं बुडणार म्हणून? एवढी स्वस्त होती, तुमच्या नियमाने तुम्ही घेतलीच असती की!"

यांचा चेहरा पांढराफटक पडला. यांनी वहीचं पहिलं पान उघडलं.

बुडालेल्या कंपन्या घालून सगळं पुन्हा मांडायला तीन आठवडे लागले. अशा एकोणतीस निघाल्या. फोन वाजला की वन्संचा असेल म्हणून आम्ही दोघंही दचकायचो, आणि उचलायचं कुणी यावर भांडायचो. नवं उत्तर आलं, बाजाराच्याही मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वन्संकडे गेलो. यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. "ताई, चूक माझी," म्हणाले. वन्सं चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमचे दोघांचे किती आहेत गं त्यात?"

एरवी माझी जीभ थांबत नाही. तेव्हा दोनच वाक्यं निघाली.

"काहीच नाहीत, वन्सं. मी घालू दिले नाहीत."

"का?"

"भीती वाटली."

"मग मी घालत होते तेव्हा का नाही बोललीस?"