नाथाच्या मागून कोण बघणार

नामपूरकडच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कुणी ना कुणी नाथा सोनवणेला हटकून विचारायचं, "नाशिकले काय काम करतस, भाऊ?"

"पंख लावस," नाथा अहिराणीतच सांगायचा.

"कोंबडीस्ले?"

"मानसेस्ले."

पंगत हसायची. नाथाही हसायचा आणि पुढचा घास घ्यायचा. खोटं काहीच नव्हतं त्यात.

नाशिकपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, धरणाच्या पलीकडच्या माळावर एक ग्लायडर क्लब आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लांबलचक दोरानं ओढून पतंगासारखं वर चढवायचं, वर गेलं की दोर सोडायचा, मग पुढचं सगळं वारा आणि पायलट यांच्यात. पावसाळ्यात उडणं बंद. तेव्हा पंख उतरवून, जुन्या गोधड्यांत गुंडाळून शेडमध्ये निजवायचे आणि दसऱ्याच्या आगेमागे पुन्हा जोडायचे. ते जोडणं नाथाचं. आला होता क्लबच्या जीपचं चाक दुरुस्त करायला. पंख कसा बसवतात ते दारात उभं राहून बघत बसला, आणि संध्याकाळी म्हणाला, "साहेब, तुम्ही उगा जोर लावताय. त्याला जरा वर उचला, तो आपणहून जाईल." त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

पंख बसवणं दिसायला मोठं काम, पण खरं काम त्यानंतरचं. पायलट दांडा हलवतो तेव्हा पंखाच्या मागच्या कडेची फळी वर-खाली होते. त्या फळीनंच विमान कलतं, वळतं. दांडा आणि फळी यांना जोडणारे गज पंखाच्या मुळाशी एकमेकांना भेटतात. एका गजाच्या टोकाला सुपारीएवढी गोळी, दुसऱ्याच्या टोकाला वाटी. गोळी वाटीत नीट बसली की वाटीवरची पट्टी सरकते आणि तिच्यातलं बारीक भोक उघडं पडतं. त्या भोकात तारेची पिन ओवायची. पिन आरपार गेली, तर जोड पक्का. हे सगळं करायचं तळहाताएवढ्या खिडकीतून. हात आत गेला की डोळ्यांना वाव नाही. आरसा घालून बघावं, तर डावीकडचा एक जोड दुसऱ्या गजाच्या आड. तिथं बोटंच डोळे.

नाथाची बोटं म्हणजे क्लबची श्रद्धा होती. शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लावलेला: 'जोडणाऱ्याने जोडावे, दुसऱ्याने हात घालून तपासावे, मग दोघांनी सही करावी.' नाथा हात बाहेर काढायचा, फडक्याला पुसायचा, म्हणायचा, "बसलं." आणि दुसरा माणूस हात खिशात ठेवूनच वहीत सही करायचा. नाथाच्या मागून कोण बघणार? आचाऱ्यासमोर त्याच्या वरणात मीठ टाकण्यासारखं ते. मुख्य प्रशिक्षक शेखर सर फौजेतून निवृत्त झालेले, बुटाची नाडी सैल दिसली तरी ओरडणारे. पण वहीपाशी आले की तेही म्हणायचे, "नाथानं लावलं ना? आण इकडे."

यंदाच्या उन्हाळ्यात नाथाची चप्पल हरवायला लागली.

म्हणजे पायातूनच. चालता चालता निसटायची आणि दहा पावलं पुढं गेल्यावर, तळव्याला ऊन लागायचं तेव्हाही नाही, तर कुणी हाक मारली तेव्हा कळायचं. मग हाताच्या बोटांची टोकं. आधी मुंग्या, मग तेही नाही. जाड हातमोजा घातल्यासारखं वाटायचं, आणि मोजा काही काढता येईना. तो शर्ट सोडून क्लबचा टी-शर्ट घालायला लागला. "हवेशीर असतो," असं म्हणाला. सिंधुबाईनं ऐकून घेतलं. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसानं हवेशीर हा शब्द कधी उच्चारला नव्हता.

नवरात्रातल्या त्या रविवारी सकाळी मात्र टी-शर्ट वाळतच होता. नाथा शर्ट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. सिंधुबाई चुलीपुढनं उठली, त्याला खांद्याला धरून आपल्याकडे वळवलं आणि गुंड्या लावायला लागली. पहिली, दुसरी. तिसऱ्या गुंडीशी थांबून विचारलं, "तुम्हना हातले काय व्हयनं?"

"काही नही. थंडी शे."

"ऑक्टोबर म्हैनामा?"

नाथा तिच्या हातातल्या गुंडीकडे बघत राहिला.

"काल कितला पंख लावात?"

"दोन."

तिनं कॉलर नीट केली. वर न बघता म्हणाली, "ज्याले सोतानी गुंडी लावता येत नही, तो तठे ती पिन कशी लावस?"

नाथानं डबा उचलला आणि उत्तर न देता मोपेडला किक मारली. रस्ताभर तो उत्तर तयार करत होता. सव्वीस वर्षांची सवय आहे, बोटांना वाट पाठ आहे, देवाच्या दारात जाताना आंधळ्याला कुणी रस्ता दाखवतं का. उत्तरं चांगली होती. फक्त ऐकायला समोर सिंधुबाई नव्हती, आणि तिच्यासमोर ती टिकली नसती.

माळावर आरोही आधीच आलेली. नाशकातल्याच एका बँकेत नोकरी करणारी चोवीस वर्षांची मुलगी. सतराव्या वर्षी क्लबमध्ये आली तेव्हा वर जाऊन आल्यावर ओकायची, आणि नाथा तिला गुपचूप आवळासुपारी द्यायचा. एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा एकटी उडाली. आज मोसमातलं पहिलं उड्डाण, तेही एकटीचं.

"नाथाकाका! आज शर्ट? काय, मुलगी बघायला जायचंय कुणासाठी?"

"तुझ्यासाठी मुलगा बघून आलो. घरजावई मिळतोय, म्हशी धुतो."

"म्हशी कुठेत आपल्याकडे?"

"त्या तो घेऊन येणार. धर पंखाचं टोक."

दोन्ही पंख आत गेले, मोठे खिळे बसले. नाथा गुडघ्यावर बसला आणि त्यानं उजव्या खिडकीत हात घातला. दोन जोड. आरशात पिना दिसल्या, आरपार. मग डावीकडे आला. पहिला जोड झाला. दुसरा, गजाच्या आडचा. त्यानं गोळी वाटीवर टेकवली, दाबली. पूर्वी इथं बोटाच्या टोकाला एक बारीक खटका बसायचा, दाणा दाताखाली फुटावा तसा. आता काही नाही. बसली असेल. पिन सरकवली. कुठेतरी गेली. कशात गेली, ते बोट सांगेना.

"चल, बस आत," तो म्हणाला. "दांडा हलव."

हेही नियमातलं. एकानं आत दांडा हलवायचा, दुसऱ्यानं पंखाची फळी दोन्ही तळव्यांत धरून अडवायची. जोड निखळलेला असेल तर दांडा मोकळा फिरतो. नाथानं फळी धरली.

"डावीकडे."

"डावीकडे. काका, सोडा की, किती जोर लावताय!"

"तू लाव अजून. उजवीकडे."

फळी हलली, अडली, पुन्हा हलली. सगळं ठीक. पण नाथाला माहीत होतं, जमिनीवर अर्धवट अडकलेला जोडही ठीकच हलतो. वर हवेचे धक्के बसतात, तेव्हा त्याचं खरं रूप कळतं. आणि तेव्हा विचारायला जमिनीवरचा कुणी जवळ नसतो.

आरोही उतरली. वही उघडली. जोडणारा: नाथा सोनवणे. तपासणारा. तिनं पेनाचं टोपण दातात धरलं आणि सही करायला लागली.

"थांब."

"काय?"

"हात घाल आधी."

"कुठे?"

"खिडकीत. डावीकडच्या. नियम आहे."

ती हसली. "तुमच्या मागून मी बघू? काका, मला पाप लागेल हां. शेखर सर तर मला माळावरून हाकलतील."

"घाल म्हटलं ना."

"अहो, पण का? तुम्ही लावलंय..."

"म्हणूनच!" नाथा ओरडला. एवढ्या जोरात तो आजवर कुणावर ओरडला नव्हता, क्लबच्या कुत्र्यावरसुद्धा. मग आवाज खाली आला. "आरोही, मला कळत नाही गं आता. बोटांना. उन्हाळ्यापासून काही कळत नाही. गोळी बसली का, पिन कशात गेली, मला माहीत नाही. मी नुसतं म्हणतो बसलं."

आरोहीनं टोपण तोंडातून काढलं. अंगठी काढून खिशात टाकली, बाही वर केली आणि हात आत घातला. नाथा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पिन आहे," ती म्हणाली. आणि मग, "काका."

"बोल."

"पिन भोकात नाहीये. पट्टीच्या बाजूला नुसती अडकलीय. पट्टी पण... पट्टी अर्धीच आलीय वर."

माळावरचं गवत वाऱ्यानं आडवं झालं, उभं राहिलं. नाथा खाली बसला. त्याच्या डोळ्यांसमोर सतरा वर्षांची आरोही आवळासुपारी चघळत बसली होती.

"काढ ती पिन," तो म्हणाला. "काढलीस? आता गोळीवर वाटी सरळ ठेव. तिरकी नको. अंगठा मागून लाव आणि दाब. दाब अजून."

"हं... आँ! खटका बसला एक!"

"तोच. तो विसरू नको. आता पट्टीवर नख फिरव. भोक लागतंय?"

"लागतंय."

"ओव पिन. दुसऱ्या बाजूनं टोक बाहेर आलं का? ओढून बघ. आता गज हलवून बघ. वाटी गोळीवर फिरली पाहिजे, सुटली नाही पाहिजे."

"नाही सुटत."

"सही करू नको अजून. मी शेखर सरांना बोलावतो."

शेखर सर आले, सगळं ऐकलं. आरोहीला वाटलं, आता तोफ सुटणार. सरांनी गुडघा टेकला, स्वतःचा हात खिडकीत घातला, चारही जोड एकेक करून चाचपले. उठले. भिंतीवरच्या नियमापाशी जाऊन उभे राहिले, जणू तो दुसऱ्या कुणी लिहिलाय.

"नाथा, हे मी लिहिलं. माझ्या हातानं रंगवलं," ते म्हणाले. "आणि तुझ्या जोडणीत मी एकदाही हात घातला नाही. एकदाही नाही. तुझा मान ठेवतोय असं वाटायचं मला."

"मलाही बरंच वाटायचं, सर." नाथानं मान वर केली नाही. "सर, काल लावलेलं दुसरं विमान. तेही बघा. कोणी उडवू नका ते."

"उडवत नाही."

"आणि माझं काम..."

"कामाचं उद्या बोलू. शुगर किती आहे तुझी?"

"बघितलीच नाही कधी."

"कधीच?"

"गोड खात नाही मी फार."

"वा! फार मोठे डॉक्टर आहात," सर म्हणाले. "फोन लाव सिंधुताईंना. बारापर्यंत गंगापूर रोडला या म्हणावं. ओळखीच्या डॉक्टर बाई आहेत, रविवारी एक वाजेपर्यंत बसतात. मी नेतो तुला गाडीनं. मोपेड इथंच राहू दे. तुझी चप्पल कुठेय एक?"

चप्पल दोर ओढणाऱ्या विंचच्या वाटेवर पडलेली होती. आरोही धावत जाऊन घेऊन आली आणि त्याच्या पायाशी ठेवली. दुसऱ्या विमानाचे चारही जोड नीट निघाले. ते सांगायला ती गाडीच्या काचेपाशी आली तेव्हा नाथानं नुसती मान हलवली. नीट निघाले यात त्याचं काही नव्हतं, हे त्याला कळत होतं.

दवाखान्यात सिंधुबाई आधीच बाकावर बसलेली. लाल काठाचं लुगडं, हातात पिशवी. शेखर सरांनी वाटेतच तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं नाथाकडे बघितलं आणि त्याची सुटलेली वरची गुंडी लावली.

डॉक्टर आभा तरुण होत्या. बोटातून रक्ताचा थेंब काढला, यंत्रात घातला, आकडा बघून ओठ आवळले. मग ड्रॉवरमधून मासे धरायच्या दोरीसारखा नायलॉनचा बारीक तंतू काढला.

"काका, डोळे मिटा. मी हा बोटाला टेकवीन. टेकलेला कळला की 'हो' म्हणा. नाही कळला तर गप्प राहा. बस."

नाथानं डोळे मिटले.

"हो," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "हो." आणि तिसऱ्यांदाही.

"अरे, छान की," डॉक्टर म्हणाल्या. "हाताला बरंच कळतंय तुमच्या."

नाथाच्या कपाळावर घाम आला. सव्वीस वर्षं तो 'बसलं' या एका शब्दावर जगला होता, आणि आज तोच शब्द 'हो' होऊन आपणहून तोंडात आला होता. त्यानं डोळे उघडले.

"बाई, खोटं सांगितलं मी. तुम्ही हात पुढं केला की तुमची बांगडी वाजते. त्यावरून म्हणालो."

सिंधुबाईनं तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक. डॉक्टरांनी बांगडी काढून टेबलावर ठेवली. "आता मिटा."

त्यानं मिटले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, पंखा फिरत होता, शेजारच्या खोलीत नळ गळत होता. बराच वेळ गेला. नाथा वाट बघत राहिला.

"टेकवलंय का?" शेवटी त्यानं विचारलं.

सिंधुबाई हळू आवाजात म्हणाली, "हां. टेकाडेल शे. अंगठाले."

नाथानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि हात तसाच पुढं धरला.

"नाही कळलं," तो म्हणाला. "लिहा, बाई. आणि पुढच्या बोटाला लावा."