धोतर न सोडणारे आबा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याच्या एका इस्पितळात नर्सिंग शिकत होते. एका सकाळी एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. साठीचे, काटक शेतकरी. पहाटे शेताकडून आल्यापासून पोट दुखतंय, एवढंच ती सांगत होती.

ताप नव्हता. पोट मऊ होतं. पण आबांच्या पापण्या सारख्या मिटत होत्या. थोरल्या सिस्टरांनी त्या पापण्यांकडे नीट पाहिलं, सुनेला बाहेर बसवलं आणि मला पडदा ओढायला सांगितलं.

"आबा, कपडा काढना पडतीन," सिस्टर त्यांच्याच अहिराणीत म्हणाल्या.

"नई. बायासमोर मी धोतर सोडाव नई." बोलताना त्यांची जीभ अडखळत होती.

दोन्ही हातांनी त्यांनी कंबर घट्ट धरली. मी एकोणीस वर्षांची, माझे कान तापले होते. सिस्टरांचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र खेळकर होता.

"आबा, या वार्डमा बठ्ठा सारखाच शेतस. तुमनं काय सोनानं शे का?"

पडद्यापलीकडचा पेशंट खो-खो हसला. आबाही हसायला गेले, पण त्यांचे ओठ हललेच नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. कंबरेवरचे हात आपोआप सुटले. त्यांतला जोरच गेला होता.

सिस्टरांनी अंगावर चादर टाकली, तिच्याआडून धोतर सोडलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि लागेल तेवढीच चादर उचलली. कुल्ल्यावर सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके होते. सूज नाही, काही नाही.

"मण्यार," त्या पुटपुटल्या. आबा पहाटे परसाकडे बसले असताना चावली असणार. सुनेला कुठल्या तोंडाने सांगणार?

"डॉक्टरांना बोलाव. पळ!"

डॉक्टर आले तोवर आबांचा श्वास बंद पडत आला होता. सापाच्या विषावरची लस दिली, घशात नळी घातली. दोन दिवस आम्ही आळीपाळीने रबरी फुगा दाबून त्यांना श्वास देत होतो. डोळे मिटलेले, बोट हलत नव्हतं. "पण त्यांना सगळं ऐकू येतंय," सिस्टर बजावायच्या. अंग पुसताना त्या आधी सांगायच्या, "आबा, आता पाठ," आणि बाकीचं अंग झाकून ठेवायच्या.

तिसऱ्या दिवशी आबांनी आपला आपण श्वास घेतला. घरी नेताना सुनेने विचारलं, "सिस्टर, साप चावला तरी कुठे होता?"

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मांडीवर," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.