बेशुद्ध माणूस बोलत नाही

माझं उजवं मनगट जरा वाकडं आहे. कुणी विचारलं की मी खरं तेच सांगतो: सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात मोडलं. समोरचा हसतो, आणि मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

साकोलीच्या एका कॉलेजात मी वरिष्ठ लिपिक आहे, म्हणजे आमच्या भाषेत बाबू. विद्यापीठाची पत्रं आधी माझ्या टेबलावर येतात. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि एक पत्र आलं. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं आणि त्याचा अहवाल फोटोंसह त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या आत संकेतस्थळावर चढवावा. आमच्याकडे दुपारनंतर नेटचा काही भरवसा नसतो. म्हणून मी शहाणपणा केला आणि अहवाल आदल्या दिवशीच टाइप करून ठेवला. ‘प्रशिक्षण उत्साहात पार पडले. कर्मचाऱ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.’ प्राचार्यांनी सही करताना एवढंच विचारलं, “उत्स्फूर्तमधला ‘स्फू’ दीर्घच ना?”

मला त्यात काही गैर वाटलं नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी सप्ताह, पंधरवडे आणि जयंत्या आदल्या दिवशीच पार पाडल्या होत्या.

प्रशिक्षण द्यायला नागपूरहून एक मॅडम आल्या. वय तिशीचं, पायात स्पोर्ट्स शूज, गळ्यात शिट्टी. हॉल वरच्या मजल्यावर. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, “आत्ता इथे आग लागली, तर कुठून बाहेर पडाल?”

सगळ्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

“आणि आग दाराशीच असेल तर?”

हॉलला मागे दुसरं दार आहे. त्याच्यासमोर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते, आणि ते माझ्या ताब्यात होते. चाळीस माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, “सध्या तिकडून जायची व्यवस्था नाही.” बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी आग विझवायची टाकी मागितली. पोरांनी हात लावू नये म्हणून ती आम्ही इतकी उंच टांगली होती की शिपाईभाऊंना आधी स्टूल आणावं लागलं. बाईंनी परत लिहिलं.

हे शिपाईभाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. मूळचे कारधा गावचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो होतो, पण ते मला ‘तुमी’ म्हणत आणि मी त्यांना ‘भाऊ’. एवढ्या वर्षांत आमचं बोलणं फायली आणि चहा यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

जेवणानंतर प्रात्यक्षिक होतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत धूर झाला आहे, एक कर्मचारी बेशुद्ध पडला आहे, त्याला स्ट्रेचरवरून खाली आणायचं. बेशुद्ध कोण पडणार यावर चर्चा झाली नाही. सगळ्यांत हलका मी. बाईंनी सगळ्यांना नियम सांगितले. मला म्हणाल्या, “सर, काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत आणि बोलायचं नाही.” बाकीच्यांना म्हणाल्या, “लांब शिट्टी वाजली की हातातलं काम सोडून, रांगेत, न धावता मैदानात जमायचं.” प्राचार्यांची गाडी फाटकाशी रुग्णवाहिका म्हणून उभी केली होती.

मी डोळे मिटून आडवा झालो. चौघांनी उचललं. पायाकडे क्रीडाशिक्षक आणि शिपाईभाऊ, डोक्याकडे ग्रंथपाल आणि मराठीचे तरुण प्राध्यापक. दहा पावलं गेली असतील नसतील, चौघं माझ्या अंगावरून गप्पा मारायला लागले. मी तिथे नाहीच असं समजून.

“याच्या टेबलावर रजेचा अर्ज गेला का पंधरा दिवस निंगत नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

“मुद्दाम दाबून ठेवते जी,” क्रीडाशिक्षक म्हणाले.

“मुद्दाम नाही ठेवत,” शिपाईभाऊंनी माझी बाजू घेतली. “भुलते बिचारा. वय झालं आता.”

मला दाबून ठेवणारा म्हटल्याचं एवढं लागलं नाही. त्यात निदान थोडा दरारा होता. पण भुलते? माझी सगळी इभ्रत एकाच गोष्टीवर उभी होती, की हा बाबू काही विसरत नाही. मी तोंड उघडणार होतो, पण मी बेशुद्ध होतो.

जिना आला. जिन्याच्या वळणावर आमचा कनिष्ठ लिपिक मोबाइल घेऊन उभा होता. फोटो कसे काढायचे याची चिठ्ठी मीच त्याला दिली होती: ‘पाठमोरे फोटो विद्यापीठ स्वीकारत नाही. सर्वांचे चेहरे दिसावेत.’ पोरगा आज्ञाधारक. त्यानं हाक मारली, “सर, सगळ्यांनी इकडे पहा!”

चौघांनी इकडे पाहिलं. शिपाईभाऊंचा पाय पायरीवरून सुटला.

स्ट्रेचरच्या कापडावरून मी सरळ पुढे घसरलो. उजवा हात आपोआप पुढे गेला आणि त्याच्यावर माझं सगळं वजन आलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“हात!” मी ओरडलो. “हात मोडला माझा!”

क्रीडाशिक्षक माझ्या कानाशी वाकले. “बाबू, बेशुद्ध माणूस बोलत नाही. डोळे मिटा.”

“खरंच मोडला जी!” शिपाईभाऊ किंचाळले. “पहा ना, कसा वाकडा झाला थो!”

खालून कुणीतरी म्हणालं, “बाबूनं काय ॲक्टिंग केली!”

ओळखलं ते फक्त मॅडमनी. त्या वरून दोन-दोन पायऱ्या उतरत आल्या, माझं मनगट पाहिलं आणि मदतीला माणसं बोलवायला जोरात शिट्टी वाजवली. लांब शिट्टी. झालं. जी चार माणसं माझ्याकडे यायला निघाली होती तीही वळली. सगळं कॉलेज हातातलं काम सोडून, रांगेत, न धावता मैदानात जाऊन उभं राहिलं. रुग्णवाहिकेचा चालकसुद्धा गाडीला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून रांगेत उभा होता. इतकी शिस्त आमच्या कॉलेजात मी ना आधी पाहिली, ना नंतर.

जिन्यावर उरलो आम्ही तिघं. मॅडमनी आपल्या ओढणीनं माझा हात गळ्यात बांधला. शिपाईभाऊ म्हणाले, “हात हालवू नोका बाबू. माह्या गाडीवर बसा. चालकाले शोधत बसलो तं संध्याकाळ होईन.” त्यांच्या मोटरसायकलवर बसून मी दवाखान्यात गेलो. रस्ताभर ते खड्डा आला की आधी खड्ड्याला आणि मग स्वतःला शिव्या देत होते.

डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मान वळवून हसून घेतलं. मग सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

प्लास्टर ओलं असतानाच फोन आला. पाचला वीस मिनिटं कमी होती. प्राचार्य म्हणाले, “बाबू, कसं वाटते? आराम करा. फक्त तो पासवर्ड तेवढा सांगा.”

मी सांगितला.

मग ते हळूच म्हणाले, “अहवालात ते अनुचित प्रकाराचं वाक्य आहे. काढायचं काय?”

मी विचार केला. वाक्य काढलं तर विद्यापीठ खुलासा मागणार. खुलासा लिहिणार कोण? मीच, आणि तोही डाव्या हातानं. “राहू द्या साहेब,” मी म्हणालो. अशा रीतीनं, गळ्यात हात बांधून दवाखान्याच्या बाकावर बसल्या-बसल्या मी स्वतःच कळवून टाकलं की काही घडलं नाही.

घरी बायकोनं प्लास्टर पाहिलं. “तुमी काहून आडवे झाले जी? बाकीचे सारे काय मेले होते?”

जाण्यापूर्वी मॅडमनी प्राचार्यांना एक कोरी वही दिली होती आणि मुखपृष्ठावर स्वतः लिहिलं होतं, ‘अपघात नोंदवही’. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, तेव्हा प्राचार्यांनी आपल्या खोलीत बोलावून ती माझ्यासमोर ठेवली. “पहिल्याच पानावर असं बरं नाही दिसत. घरी जिन्यावरून घसरून पडलो, असं लिहू. काय म्हणता?”

“चालेल,” मी लगेच म्हणालो. अहवाल तर जाऊन चुकला होता.

शिपाईभाऊ पाण्याचे ग्लास घेऊन आत आले होते. ट्रे टेबलावर ठेवून ते तिथेच उभे राहिले. “साहेब, बाबूच्या घरी जिनाच नाही.”

“मग अंगणात पडले म्हणू.”

“पण पाडलो तं मी ना. अंगणात कायले पडतीन थे?”

“अरे, दोन वर्षांत सुटशील तू. नसती चौकशी कायले मागं लावून घेतोस?”

“होऊ द्या चौकशी,” ते म्हणाले. “चाळीस माणसाईनं पाह्यलं. उद्या मीच म्हटलं का बाबू घरी पडला, तं मले रोज त्याच जिन्यानं चढा लागते.”

त्यांनी वही ओढली, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि ठळक, गोल अक्षरात लिहिलं: ‘जिन्यावरून स्ट्रेचर नेताना मी कॅमेऱ्याकडे पाहिले. माझा पाय चुकला. त्यामुळे बाबूंचा हात मोडला.’ खाली पूर्ण नाव आणि सही. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि वही मिटली. पान फाडलं मात्र नाही. मी खाली मान घालून बसलो होतो.

त्यानंतर सहा आठवडे शिपाईभाऊ रोज सकाळी माझ्या दारात मोटरसायकल घेऊन उभे राहिले. मी नको म्हटलं, ते ऐकत नव्हते. मागच्या सीटवर बसून मला पहिल्यांदाच कळलं की त्यांच्या मोठ्या मुलीनं भंडाऱ्याला शिक्षिकेची नोकरी धरली आहे आणि त्यांना गुडघ्याचा जुना त्रास आहे. ज्या गुडघ्यानं जिना चढवत नाही, त्याच गुडघ्यानं ते वर्षानुवर्षं माझ्या फायली वर-खाली नेत होते.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं. मला नाही. ‘अंतिम सत्रास अनुपस्थित’ असा शेरा होता. त्याऐवजी महिनाभरानं विद्यापीठाच्या वार्तापत्रात माझा फोटो आला. चौघं कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहेत, आणि मी स्ट्रेचर सोडून हवेत आहे, डोळे नीट मिटलेले. खाली छापलं होतं: ‘जिवंत प्रात्यक्षिक’. प्राचार्यांनी ते पान सूचनाफलकावर लावलं.

नोंदवही मात्र उघडी राहिली ती राहिलीच. शिपाईभाऊंनी स्वतःची चूक लिहिली म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. प्रयोगशाळेतल्या परिचर बाईंनी बोटावर आम्ल उडाल्याचं लिहिलं. कुणी पंख्याच्या बटणाचा झटका लिहिला, कुणी ओल्या फरशीवर घसरल्याचं. उन्हाळ्यापर्यंत सात नोंदी झाल्या. त्या वार्षिक माहितीसोबत विद्यापीठात गेल्या, आणि एक नवं पत्र आलं: प्रशिक्षणापूर्वी आपल्या महाविद्यालयात अपघात शून्य होते, प्रशिक्षणानंतर सात झाले, याचा खुलासा करावा.

खुलासा मीच लिहिला. अपघात आधीही होत होते, आता आम्ही ते लिहितो आहोत, एवढाच मजकूर. प्राचार्यांनी त्यावर सही केली. विद्यापीठाचं उत्तर अजून आलेलं नाही. परवा ग्रंथपालांच्या पायावर कपाटाची फळी पडली. ते लंगडत माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बाबू, थे वही द्या जरा.”