रोहितांच्या गुडघ्याएवढं पाणी

आमच्या दुष्काळी खटावकडे पाण्याला नको म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. म्हणून गावच्या तलावात कालव्याचं पाणी आणायचं ठरलं, तेव्हा सरकारी कचेरीत सगळ्यात जास्त खेटे मीच घातले. शेतीसाठी म्हणायचो, पण जीव अडकला होता लांब पायांच्या, गुलाबी रोहित पक्ष्यांत. कच्छच्या खाऱ्या पाण्यावरून दर थंडीत ते यायचे आणि तलाव आटला की निघून जायचे. पाणी भरपूर असलं तर मुक्काम वाढवतील, अशी माझी साधी समजूत.

तलाव काठोकाठ भरला. आम्ही खणानारळाने पाण्याची ओटी भरली. त्या थंडीत थवा आला, दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेला. मला रडू आलं, पण घरी कुणाला सांगितलं नाही.

तलावातून पाणी सोडायच्या मोरीची चावी माझ्या चुलत्यांकडे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. पाणी सोडण्या-अडवण्यातच त्यांचा जन्म गेला. बांधावर बसून ते म्हणाले, "आरं, ती चिखलातलं वेचून खाणारी पाखरं. एवढ्या पाण्यात उभी कुठं ऱ्हाणार?"

"मग थोडं सोडूया की, आण्णा."

"टँकरमागं घागर घिऊन पळालेला माणूस हाय मी. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

शिवाय सोडलेलं पाणी ओढ्याने जाणार खालच्या गावाला, आणि त्यांच्याशी आमचं तीन पिढ्यांचं वाकडं. मी तापट, नको ते बोलून गेलो, "तुमाला पाखरं नगंत, भांडण पायजे." आण्णांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. माझंच चुकलं होतं.

मग निरोप आला, मोरीवर ये. जाऊन बघतो तर खालच्या गावच्या बायका खणनारळ घेऊन उभ्या. त्यांच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या आणि आण्णा स्वतः जाऊन त्यांना बोलावून आले होते. आण्णांनी मोरीचं चाक फिरवलं. पाणी ओढ्याला लागलं, तसे ते हात जोडून उभे राहिले.

काठाचा चिखल उघडा पडला आणि महिन्याभरात रोहित उतरले. आता दर थंडीत आण्णा रोज सकाळी मोरीजवळच्या दगडावरची पाण्याच्या पातळीची खूण बघून येतात. परवा कालव्यावरच्या माणसाने विचारलं, अजून वीतभर पाणी वाढवू का?

"नगं," आण्णा म्हणाले. "गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचं न्हाई. आपल्या न्हवं, त्यांच्या."