नद्या गिळणारी चेटकीण

आमच्या खेळातली चेटकीण मरत नव्हती. तिला मरू द्यायचंच नव्हतं, कारण ती मेली असती तर खेळ संपला असता, आणि त्या वर्षी संगमनेरच्या त्या वसतिगृहात आम्हा मुलींना खेळाशिवाय दुसरं होतं तरी काय?

बहात्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. प्रवरेचं पात्र कोरडं ठणठणीत पडलं होतं. आम्ही हंडे घेऊन पात्रातल्या झिऱ्यांवर जायचो, वाळूत खणलेल्या त्या खड्ड्यांत वाटी बुडवून बुडवून पाणी भरायचो. जेवायला परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि डाळ शोधावी लागेल अशी आमटी. मी तेव्हा नववीत होते.

खेळ काढला होता माझ्या मैत्रिणीनं. आम्ही एकमेकींना गावावरून हाक मारायचो, म्हणून ती पाथर्डीची. तिचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. मागच्या पडवीत तिनं कोळशानं फरशीवर एक राज्य काढलं होतं: सात नद्या, एक जंगल, आणि पार टोकाला काळा किल्ला. किल्ल्यात चेटकीण. तिनं साती नद्या गिळल्या होत्या आणि त्या सोडवायला आम्ही निघालो होतो. मी घोडेस्वार. शेजारच्या अकोले गावची एक दणकट मुलगी होती, ती तिरंदाज. आणि आमच्या बाईंची भाची वैदू, जखमी झालेल्यांना झाडपाला लावणारी. पाथर्डीची स्वतः कुणीच नव्हती. ती गोष्ट सांगायची आणि वाटेत भेटणाऱ्या सगळ्या राक्षसांचे आवाज काढायची.

"तुमी आता नागाच्या पुलापाशी आलात," ती म्हणायची. "पूल हलतोय. काय करनार?"

मग आम्ही काय करायचं ते ठरवायचो आणि चार कवड्या फेकायच्या. चारही उताण्या पडल्या की वार बसला. चारही पालथ्या पडल्या की आपलाच माणूस पडला. मधलं काही पडलं तर ती डोळे मिटून विचार करायची आणि पुढं काय झालं ते सांगायची. शाळा सुटल्यापासून प्रार्थनेची घंटा होईपर्यंत आम्ही रोज चालत होतो आणि किल्ला काही जवळ येत नव्हता.

बाई म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख. इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, आवाज कधी चढायचा नाही. बाईंना चांगलं म्हणणारे लोक गावात पुष्कळ होते.

एका रविवारी सकाळी अंगणातल्या निंबाखाली न्हावी येऊन बसला. बाईंनी आम्हाला रांगेत उभं केलं. "मुलींच्या डोक्यात उवा झाल्या आहेत," त्या म्हणाल्या, "आणि केस धुवायला पाणी नाही. ज्यांच्या डोक्यात उवा आहेत त्यांचे केस कापायचे." मग हातातल्या फूटपट्टीनं त्या एकेकीला बाजूला काढत गेल्या. डोकं मात्र कुणाचंच पाहिलं नाही.

बाजूला कोण निघालं ते मी बघत होते. ज्यांचे आईबाप लांब होते, कामावर होते, येऊन जाब विचारणार नव्हते, त्याच मुली. साखर कारखान्यावर ओळख असलेल्यांच्या मुली रांगेतच राहिल्या. बाईंची भाची राहिली. मीही राहिले, कारण माझे वडील शाळामास्तर होते आणि अधूनमधून येऊन बाईंशी बोलून जायचे. त्याच सकाळी मी बारीक फणीनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या.

आमच्याकडे बाईमाणसाच्या डोक्याला न्हाव्याचा हात कधी लागतो, हे त्या काळच्या कुणाला सांगावं लागत नसे. नवरा गेल्यावर. त्या अंगणात नवरा काय असतो हे माहीत नसलेल्या मुली एकीमागून एक पाटावर बसत होत्या. अकोल्याची रडली नाही, ती सबंध वेळ न्हाव्याला शिव्या देत होती. पाथर्डीचीचे केस कमरेच्या खाली जायचे. कामावर जाण्याआधी तिच्या आईनं तेल लावून वेणी घालून दिली होती. ती वेणी हातात गच्च धरून म्हणाली, "बाई, आई येऊ द्या. मंग कापा."

बाई म्हणाल्या, "तुझी आई पाणी आणून देणार आहे का?"

एवढंच. आवाज न चढवता. तिनं खाली बघितलं तर फूटपट्टीनं हनुवटी वर केली. न्हाव्यानं मान खाली घातली आणि कात्री चालवली.

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही आणि मला तो निववायचाही नाही. दुष्काळ बाईंनी आणला नव्हता, हे मला कळतं. पाणी नव्हतंच. पण पाणी नाही म्हणून कुणाचं डोकं भादरायचं, हे त्यांनी निवडलं होतं. फूटपट्टीनं निवडलं होतं.

पाथर्डीची डोक्याला पंचा गुंडाळून फिरायला लागली. वर्गात मागं बसायची, फळ्याकडं बघायची नाही. पडवीत बोलावलं तर म्हणायची, "तुमी खेळा. माझं डोकं दुखतंय." मग गोष्ट सांगायचं काम मी घेतलं, आणि मला एकच गोष्ट सांगायची होती. मी सगळ्यांना थेट किल्ल्यात नेलं. चेटकिणीला इस्त्रीची साडी नेसवली, मनगटावर घड्याळ बांधलं आणि तिला जाळून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत केली आणि विहिरीत ढकलली. नंतर कड्यावरून लोटली. अकोल्याची तर कवड्या पडायच्या आधीच ओरडायची, "मेली!" बाईंच्या भाचीला ती साडी, ते घड्याळ कळत नव्हतं असं नाही. ती आमच्यापेक्षा जोरात कवड्या आपटायची.

चेटकीण अशी रोज मरायला लागली आणि आम्हाला कंटाळा यायला लागला. शेवटी भाचीच म्हणाली, "यात मजा नाही गं."

"का?"

"आपण जातो आणि मारतो. ती बसलेलीच असते. आपण कोण, कशासाठी आलो, हे तिला कुठं माहीत आहे? तिला कळायला पाहिजे ना."

आता माझा नातू पडद्यासमोर बसून असलेच खेळ खेळतो. तलवारी, राक्षस, जळलेली गावं. शेवटच्या दुष्टाशी लढायच्या आधी तो दुष्ट लांबलचक बोलतो, आणि नातू ते बटण दाबून वगळत नाही, सगळं ऐकून घेतो. मी एकदा विचारलं, कशाला ऐकत बसतोस? तो म्हणाला, "आजी, त्यानं मला ओळखलं पाहिजे. नाहीतर मारून काय उपयोग?" पडवीतल्या त्या पोरीनंही हेच सांगितलं होतं.

मी ते फारच मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मी उठले, वेण्या सोडल्या आणि बाईंच्या खुर्चीपुढं जाऊन डोकं खाली केलं.

"बाई, बघा."

"काय बघू?"

"उवा. माझ्या डोक्यात आहेत. रविवारीसुद्धा होत्या. माझे केस का नाही कापले?"

बाई म्हणाल्या, "जागेवर बस."

"का नाही कापले, बाई?"

"तुझे वडील..." त्या बोलता बोलता थांबल्या. पण ते दोन शब्द सगळ्यांनी ऐकले होते. मागून भाचीचा आवाज आला, "मावशी, माझ्याही डोक्यात आहेत."

बाईंचा चेहरा लाल झाला. "उद्या न्हाव्याला बोलावते. सगळ्यांचे कापते."

"बोलवा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी न्हावी आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मुली माझ्याकडं वळून वळून बघत होत्या आणि मी छाती काढून चालत होते. पाथर्डीची मागच्या अंगणात राखेनं भांडी घासत होती, तिथं मी तिला सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. हात थांबवला नाही.

"तुला कुनी सांगितलं हुतं?" ती म्हणाली.

"म्हणजे? तुझ्यासाठीच गेले ना मी."

"मला इचारलंस? केस माझं गेलं. रागबी माझाच हाय. तू त्यो घिऊन गेलीस आन वापरून आलीस."

मला तिचाही राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग यायचा: बाईंचा, पाण्याचा, त्या लाल भाकरीचा, माझ्या धड असलेल्या वेण्यांचा.

तिनं दिवस निवडला तो मात्र बरोबर. संस्थेची मंडळी पाहणीला यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी पंगत बसली होती. पाथर्डीची उठून पुढं आली, बाईंच्या अगदी समोर बसली आणि डोक्याचा पंचा सोडून बाजूला ठेवला. खुरटलेले केस, कानामागं कात्री लागल्याची खूण. त्या रविवारनंतर आम्ही कुणीच तिला असं पाहिलं नव्हतं. भाकरी वाढली गेली. तिनं ताट पुढं सरकवलं.

"जेव," बाई म्हणाल्या.

"आदी माफी मागा."

"कोणाची?"

"माझी."

बाई हसल्यासारखं करून वाढणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "पुढं वाढ." पण अकोल्याचीनं ताट सरकवलं. मग मी. मग भाचीनं. फरशीवर ताटं सरकल्याचा आवाज पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पोटात भूक होती, आमटीचा वास येत होता, आणि एकीनंही घास घेतला नाही.

"उद्या पाहुणे यायचे आहेत," बाई म्हणाल्या. "हा काय तमाशा लावलाय?"

"पावन्यांनी इचारलं तर सांगू आमी," पाथर्डीची म्हणाली. "कुनाचं कापलं, कुनाचं न्हाई. दिसतंयच की."

बाईंनी पंगतीवरून नजर फिरवली. माझी खात्री आहे, त्या डोकी मोजत होत्या. मग ताटाकडं बघत पुटपुटल्या, "चुकलं माझं."

"तोंड वर करून बोला, बाई. तुमी कापायला लावलं तवा मला खाली बघू दिलं न्हवतं."

बाईंनी तोंड वर केलं. तिच्याकडं बघितलं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू येईल असं.

पाथर्डीचीनं ताट पुन्हा ओढलं आणि भाकरी मोडली. "मिरची वाढ गं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती पडवीत आली. फरशीवरचा किल्ला पुसट झाला होता, तो तिनं नव्यानं काढला. मी नेसवलेली साडी आणि घड्याळ तिनं चेटकिणीच्या अंगावरून काढून टाकायला लावलं. "चेटकिनीला तिचं सोताचं तोंड असू द्या," ती म्हणाली. आम्ही किल्ल्यात शिरलो. चेटकिणीनं पाथर्डीचीच्या तोंडून विचारलं, "कोन तुमी? कशाला आलात?" आणि आम्ही एकेकीनं सांगितलं. अकोल्याची म्हणाली, "माझी मुळा दे." मी प्रवरा मागितली. भाची कोपरगावकडची, तिनं गोदावरी मागितली. मग कवड्या फेकल्या. चारही उताण्या.

"मारा!" अकोल्याची ओरडली.

"मेल्यावर पानी कोन देनार?" पाथर्डीची म्हणाली. तिनं चेटकिणीला मारलं नाही. एक एक नदी ओकायला लावली, प्रत्येक नदीगणिक तिला कशी कळ येतेय ते सांगत सांगत. मुली टाळ्या वाजवत होत्या. मला ते पटलं नाही. मला ती मेलेलीच हवी होती.

होळी झाली आणि पाथर्डीचीचे वडील तिला भेटायला आले. पाय धुळीनं पांढरे, हाताला खडीच्या चिरा. त्यांनी लेकीच्या डोक्याकडं पाहिलं आणि ते जागीच उभे राहिले. टोपी हातात घेतली. "ह्ये काय गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी शेजारीच होते. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. पाथर्डीचीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली.

"पानी न्हाई ना, आप्पा," ती म्हणाली. "म्हनून मीच कापून घेतलं. हलकं वाटतंय."

वडिलांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी तिला घरी नेलं असतं आणि शाळा तिथंच संपली असती, हे तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्यानं राग कमी होत नाही, वाढतो.

वडिलांनी डोळे पुसले. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांच्यासमोर ते वाकले, हात जोडले. "बाई, आमच्या पोरीला तुमीच आईबाप. लई काळजी घेता."

बाईंनी एकदा पाथर्डीचीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग हसून म्हणाल्या, "अहो, ते माझं कर्तव्यच आहे." आणि त्यांना चहा द्यायला सांगितला.

पाथर्डीची मॅट्रिक झाली, पुढं नर्सिंग शिकली, आणि अजूनही माझ्यावर हसते की तुला एवढं सगळं कशाला आठवतं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावानं त्यांचा शालश्रीफळ देऊन सत्कार केला. पंगतीतलं ते "माझं चुकलं" मी ऐकलं होतं, खरं आहे. पण अंगणात हात जोडून उभा असलेला तो माणूस, आणि त्याचे आभार सुखानं घेणाऱ्या बाई, हेही मी पाहिलं होतं. त्या बापाची माफी त्यांनी कधी मागितली नाही.